मान डोलावली म्हणजे संमती झाली का?

वर्गात एखादे सूत्र सिद्ध करून झाले की मी विचारतो, "समजले का?" साऱ्या माना होकारार्थी हलतात. मग एकाला फळ्याशी बोलावून त्याच सूत्रावरचे उदाहरण सोडवायला सांगितले की खरी स्थिती कळते. होकार निराळा आणि प्रचीती निराळी. शास्त्र प्रचीती मागते. कायद्यानेही ती मागावी का? संगणकावरील सह्यांविषयीचे अमेरिकेतील राज्यांचे व केंद्राचे कायदे शेजारी शेजारी ठेवले, तर या प्रश्नाचा विचार नीट करता येतो.

अमेरिकेत करारांविषयीचे कायदे मुख्यतः राज्येच करतात. यूटा राज्याने १९९५ साली डिजिटल सहीला मान्यता दिली. परंतु सहीचे तंत्रही कायद्यातच नेमून दिले. एक गुप्त व एक जाहीर अशा दोन किल्ल्यांचे ते गणिती तंत्र होते. गणित उत्तम; पण तंत्रे बदलत राहतात. २००६ साली तो कायदा रद्द झाला. दरम्यान १९९९ साली सर्व राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला. कॅलिफोर्नियाने तो प्रथम स्वीकारला आणि आज ४९ राज्यांत तो आहे. न्यूयॉर्कचा मात्र स्वतःचा निराळा कायदा आहे.

केंद्रीय कायद्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ३० जून २००० रोजी फिलाडेल्फिया येथे सही केली. गंमत अशी, की आधी साध्या पेनाने आणि मग कार्ड व परवलीचा शब्द वापरून संगणकावर!

नमुना कायदा आणि केंद्रीय कायदा यांचे मूळ तत्त्व एकच आहे. केवळ इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्याच कारणावरून सही किंवा दस्तऐवज अमान्य करू नये. दोघांनीही विशिष्ट तंत्राचे नाव घेतलेले नाही. सही करण्याचा हेतू महत्त्वाचा मानला आहे. हे मला योग्य वाटते.

फरक आहे तो संमतीत. नमुना कायद्यानुसार दोन्ही पक्षांनी संगणकावर व्यवहार करण्याचे मान्य केलेले असले पाहिजे. पण ही मान्यता त्यांच्या वागण्यावरून व प्रसंगावरूनही ठरवता येते. म्हणजे मान डोलावली तरी चालू शकते. केंद्रीय कायदा ग्राहकाच्या बाबतीत पुढे जातो. जी माहिती लेखी देणे कायद्याने बंधनकारक आहे, ती कागदाऐवजी संगणकावरून द्यायची असेल, तर कागद मागण्याचा आणि संमती मागे घेण्याचा हक्क ग्राहकाला आधी सांगावा लागतो. कोणते यंत्र व कोणती प्रणाली लागेल तेही सांगावे लागते. एवढ्यावर भागत नाही. ग्राहकाला ती माहिती खरोखर उघडता येते, हे दिसून येईल अशाच रीतीने त्याने संमती द्यायची असते. हा एक छोटासा प्रयोगच आहे! शिवाय वीज-पाणी तोडण्याची, राहत्या घरातून बाहेर काढण्याची किंवा आरोग्यविमा रद्द केल्याची सूचना केंद्रीय कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे.

तुम्ही म्हणाल, ही नसती कटकट झाली. व्यापाऱ्यांचीही तीच तक्रार होती. परंतु फेडरल ट्रेड कमिशन आणि वाणिज्य खाते यांनी २००१ साली अमेरिकी काँग्रेसला दिलेल्या अहवालात या तरतुदीचे फायदे तिच्या त्रासाहून अधिक असल्याचे म्हटले. शिवाय ही प्रचीती राहून गेली तर केवळ तेवढ्यावरून मूळ करार रद्द होत नाही, अशी सोयही कायद्यात आहे. मात्र नमुना कायदा जसाच्या तसा स्वीकारणाऱ्या राज्यात तो केंद्रीय नियमांची जागा घेऊ शकतो. मग ग्राहकाचे हे संरक्षण टिकते का, यावर कायदेपंडितांत मतभेद आहेत. माझे मत स्पष्ट आहे : ते टिकले पाहिजे. ज्याला कागद वाचता येतो पण पडद्यावरची फाईल उघडता येत नाही, त्याचा होकार हा होकार नव्हे.

आपल्या देशातही २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने सुरुवातीला दोन किल्ल्यांचेच तंत्र नेमले होते. २००८ सालच्या दुरुस्तीने इतर पद्धतींना वाट करून दिली. तंत्राची अडचण सुटू शकते. संमतीचा प्रश्न मात्र आपल्या घरातच उभा आहे. आजीच्या मोबाईलवर 'मला मान्य आहे' हे बटण तिच्यासाठी तुम्हीच दाबता ना? पुढच्या वेळी दाबण्यापूर्वी तो मजकूर उघडून तिला वाचून दाखवा आणि काय समजले ते विचारा. ती गप्प राहिली, तर तो दोष तिचा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा.