भयाचा इसार

सिल्लोडच्या बाजारात कपाशीचा किंवा मक्याचा सौदा ठरतो तेव्हा घेणारा सारी रक्कम तेथल्या तेथे मोजून देत नाही. तो इसार देतो, भाव मुक्रर होतो, आणि हातात पडलेल्या त्या थोडक्या पैशांच्या आधारावर उरलेल्या मोठ्या देण्याची वाट पुढले काही दिवस उभयपक्षी पाहिली जाते. भयपटाची पहिली दहा मिनिटे ही माझ्या मते इसाराचीच मिनिटे होत. प्रेक्षकाच्या पदरात तेव्हा अगदी थोडे घालावयाचे असते. मात्र जे घालावयाचे ते असे, की उरलेले देणे केव्हातरी चुकते होणारच, ही खात्री त्याच्या मनातून चित्रपट संपेपर्यंत जाऊ नये.

अलीकडचे बहुतेक भयपट हा व्यवहार दारातच उरकून टाकतात. पडदा उजळतो न उजळतो तोच अंधारातून एखादा विद्रूप चेहरा अंगावर येतो, त्याच क्षणी ध्वनिक्षेपकातून कानठळ्या बसविणारा आवाज निघतो, आणि सारे प्रेक्षागृह दचकते. परंतु दचकणे म्हणजे भय नव्हे. वाऱ्याने दार आपटले तरी मनुष्य दचकतो. ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिच्यात मनाचा वाटा जवळजवळ नसतो. म्हणूनच दचकलेला प्रेक्षक पुढच्या क्षणी हसतो, शेजाऱ्याकडे पाहतो आणि सैलावून बसतो. आणि दिग्दर्शकाने मोठ्या खर्चाने जमविलेला ताण त्या एका हसण्यात विरून जातो.

1949 साली मुंबईच्या बॉम्बे टॉकीजने ‘महल’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक कमाल अमरोही यांचे ते पहिलेच दिग्दर्शन, आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग हे जर्मन गृहस्थ, ज्यांना महायुद्धाच्या काळात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत राहावे लागले होते. या चित्रपटाचा आरंभ मी अनेकदा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी नव्याने अस्वस्थ झालो आहे. वादळी रात्री नवा मालक ओसाड वाड्यात येतो, वृद्ध माळी त्याला त्या वास्तूची कहाणी सांगतो, आणि मग भिंतीवरच्या तसबिरीत मालकाला स्वतःचाच चेहरा दिसतो. एवढेच घडते, ना रक्त, ना किंकाळी. विर्शिंगांचा प्रकाश मात्र वाड्याचा एकेक भागच उजळतो, बाकीचा अंधाराच्या ताब्यात ठेवतो, आणि त्या न दिसणाऱ्या भागात काय असेल याचा तपास प्रेक्षकाचे मन आपण होऊन सुरू करते.

पुढे घड्याळाचे टोले पडतात आणि दुरून एका स्त्रीचे गाणे ऐकू येते. लता मंगेशकर यांनी त्या ध्वनिमुद्रणाची जी हकीकत सांगितली आहे, ती प्रत्येक होतकरू दिग्दर्शकाने ध्यानी ठेवावी अशी आहे. ध्वनिग्राहक खोलीच्या मध्यभागी ठेवला होता. ती तरुण गायिका कोपऱ्यात उभी राहून गाऊ लागली आणि गात गात पावलापावलाने त्याच्याजवळ आली. पडद्यावर कोणी दिसण्यापूर्वी कोणीतरी जवळ येत आहे, हे कानाला कळावे म्हणून केलेली ही तजवीज! खेमचंद प्रकाश यांच्या त्या गीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे कथेतल्या पात्राचेच. त्यामुळे हा आवाज कुणाचा, हा प्रश्न चित्रपटगृहाबाहेरही लोकांच्या मनात घोळत राहिला.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा याच घराण्यातला. भाषा हिंदी असली तरी त्याचा पिंड मराठी आहे; नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देते आणि नारायण धारपांच्या कथेची सावली त्यावर आहे. 1918 सालच्या त्या कोकणातल्या घरात साखळदंडाने बांधलेली एक म्हातारी आहे. तिला अन्न केव्हा द्यावे, ती जागी झाली तर हस्तर या शापित दैवताचे नाव कसे घ्यावे, हे नियम त्या घरातल्या पोरांबरोबर आपल्यालाही कळतात. नियम कळला की तो मोडण्याची वाट सुरू होते. पंकज कुमार यांच्या चित्रणात पाऊस थांबत नाही, ऊन पडत नाही, आणि पंचेंद्रियांना ओल जाणवू लागते. 2018 मध्ये बेताचाच चाललेला हा चित्रपट सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेहून अधिक गल्ला जमवून गेला. प्रेक्षकाला दीर्घ, संथ भय सोसत नाही, अशी तक्रार करणाऱ्या निर्मात्यांनी हा दाखला दप्तरी लावून घ्यावा.

भयाला रात्र लागते हादेखील गैरसमजच. स्टॅन्ले कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’चा (1980) आरंभ लख्ख उजेडात होतो: डोंगरातली वळणे घेणारा रस्ता, त्यावर एक चिमुकली मोटार, आणि उंचावरून तिचा पाठलाग करणारी नजर. आमच्या सिल्लोडहून जळगावकडे जाताना अजिंठ्याच्या घाटात उतरणाऱ्या मनुष्याला ही नजर समजावून सांगावी लागत नाही. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ या मराठी चित्रपटाने तर उसाच्या फडाचाच चक्रव्यूह केला. डोक्याहून उंच पीक, चार हातांवरचे दिसत नाही, पाने सळसळतात ती वाऱ्याने की कुणाच्या चालीने ते उमगत नाही. उसाच्या फडात उभा राहिलेला शेतकरी या दृश्याला परदेशी उसनवारी म्हणणार नाही.

अजिंठ्याच्या लेण्यांत पूर्वी बाहेरचे ऊन चकाकणाऱ्या पत्र्याने किंवा आरशाने परावर्तित करून आतल्या भिंतींवर पाडीत. पहिल्या लेण्यात शिरताना उन्हाने दिपलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. मग एक हात, मग एक पापणी, मग मारसैन्यातला एखादा उग्र चेहरा, असे चित्र क्रमाक्रमाने प्रकटते. चित्रीकरणस्थळी चंदेरी फळी धरून उभा असलेला मदतनीस आजही तेच काम करतो. उजेड कोठे पाडावयाचा यापेक्षा तो कोठे पाडावयाचा नाही, हे ठरविणे अधिक कठीण असते, आणि ते ठरविण्याआधीच पुष्कळ दिग्दर्शक आवाज वाढवितात.

माझ्या आजीला यातले काही ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणे पडली की ती चकव्याची गोष्ट सांगे. बाजार करून रात्री गावाकडे निघालेला माणूस चालतो, चालतो, आणि एका लिंबाच्या झाडाखालून जातो; पुन्हा चालतो, ओढा ओलांडतो, आणि समोर लिंबाचे झाड. तिसऱ्या खेपेला आजी झाडाचे नाव घेत नसे. ती बोलणे थांबवून कंदिलाजवळ सरकायची आणि वात हळूच खाली घ्यायची. खाली गोठ्यातल्या बैलाने मान हलविली, की आम्ही सारी पोरे श्वास धरून त्या घुंगरांचा आवाज मोजू लागत असू.