हिरव्या पानाची सक्ती

निसर्गरक्षणासाठी नव्याने स्थापन होणाऱ्या संस्थेचे बोधचिन्ह न पाहताही बहुधा सांगता येते: एक हिरवे पान, नाहीतर ओंजळीतले रोपटे, भोवती वर्तुळ. यास सुरुची म्हणण्याचा प्रघात आहे. आम्ही यास वैचारिक आळस म्हणतो. आणि हा आळस निरुपद्रवी नाही.

वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाचा पांडा १९६१ साली पीटर स्कॉट यांनी रेखाटला. काळ्या-पांढऱ्या चित्राने छपाईचा खर्च वाचतो, हा व्यवहारही त्या निवडीत होता. अमेरिकेतील ऑडुबॉन सोसायटीच्या चिन्हावरील बगळा तिच्या आरंभीच्या लढ्याची खूण आहे. टोप्यांवरील पिसांसाठी बगळ्यांची कत्तल होत असे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या चिन्हावरचा धनेश पाहिला की तिच्या कार्यालयात अनेक वर्षे राहिलेला ‘विल्यम’ नावाचा धनेश आठवतो. ही चिन्हे कोणा एका जिवाची आहेत. त्या जिवाचे पुढे काय झाले, असे संस्थेला विचारता येते. पानाविषयी काय विचारणार? ते कोणत्या झाडाचे, हेही चित्रकाराने ठरवलेले नसते.

आता दख्खनचे माळरान पाहा. वर्षातील बहुतेक महिने ते पिवळे-तपकिरी असते, आणि तेच त्याचे आरोग्य. माळढोक, धाविक, काळवीट, लांडगा यांचे ते घर. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य झाले ते माळढोकासाठी. या पक्ष्याला मोकळे गवताळ रान लागते. परंतु सरकारदप्तरी अशी पुष्कळ जमीन ‘पडीक’ ठरते, आणि छातीवर हिरवे पान मिरवणारे उत्साही हात तेथे खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावून येतात. ज्यास हिरवा तेवढाच निसर्ग असे शिकवले, त्याने पिवळे गवत उजाड मानले तर दोष कोणाचा?

देणगीदारास हिरवाच रंग कळतो, हा युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहे. मग त्यास गवताचा रंग दाखवणे हे कोणाचे काम? रंगांच्या दुकानदाराचे?

आमची मागणी साधी आहे. चित्रकाराने पेन्सिल उचलण्यापूर्वी संस्थेने तीन प्रश्नांची उत्तरे लिहून द्यावीत: कोणती भूमी, कोणता जीव, आणि त्यास कोणापासून भय? ही उत्तरे ज्यांच्यापाशी नाहीत, त्यांनी बोधचिन्हाची घाई करू नये. आधी माळावर जाऊन यावे.