घर कोणाला विचारून बांधावे?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे कोसळून सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. रस्ते रुंद, घरे एका ओळीत. पण गुरे कोठे बांधावीत, कडबा कोठे रचावा, हे गावकऱ्यांना विचारण्याची सवड क्वचितच काढली गेली. घाई समजण्यासारखी होती. तरी ती महाग पडली. दुरुस्तीच्या शेकडो गावांत मात्र मदतीचे हप्ते घरमालकाच्या खात्यात जमा होत आणि गावातल्याच स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून भिंत मजबूत कशी करावी, हे समजावून सांगत. खेडुतांना बांधकामातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे : २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधील स्त्रियांना धीर व माहिती द्यायला लातूरकडच्याच स्त्रिया गेल्या होत्या.