पहाटेची पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या

पावसाळ्याच्या दिवसांत एक चकवा देणारा रुग्ण आम्हा डॉक्टरांकडे येतो. रात्री जेवून धडधाकट झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ आली म्हणून उठतो. एक-दोन उलट्या होतात. काल काहीतरी बाधले असेल, असे घरचे म्हणतात. आम्लपित्ताचे औषध दिले जाते. तासा-दोन तासांत आवंढा गिळवेनासा होतो, आवाज गेंगाणा होतो, पापण्या आपोआप मिटू लागतात. मग कोणाला अर्धांगवायू वाटतो, कोणाला दारू, तर कोणाला बाहेरची बाधा. अंगावर ना जखम, ना सूज. इकडे श्वासाचे स्नायू मात्र हळूहळू थकत असतात.

वाचकहो, अशा वेळी सर्वांत आधी संशय घ्यायचा तो मण्यार सापाच्या दंशाचा.

मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. तिचे दात बारीक असल्यामुळे दंश डास किंवा मुंगी चावल्यासारखा वाटतो. पुष्कळांना जागही येत नाही. घोणस चावली की जागा सुजते, रक्त गोठत नाही, त्यामुळे निदान चुकण्याचा संभव कमी. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांवर घाला घालते. रक्त गोठण्याची तपासणी ठीक येते, सोनोग्राफीत काही दिसत नाही. कागदोपत्री सगळे नॉर्मल आणि रुग्ण मात्र मरणाच्या दारात!

म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की, अवघड रोगाचे निदान यंत्राआधी विचारपूस करते. पहाटेच्या पोटदुखीला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत : रात्री कुठे झोपला होतात? घरात किंवा शेतात साप दिसला होता का? मग रुग्णाला छताकडे मिनिटभर टक लावून पाहायला सांगावे. पापण्या गळू लागल्या तर धोक्याची घंटा समजावी. एका श्वासात किती आकडे मोजता येतात तेही पाहावे. दर थोड्या वेळाने आकडा घटत असेल तर श्वास कमी पडतो आहे. याला एक पैसाही लागत नाही. नुसता संशय असेल तरी रुग्णाला २४ तास दवाखान्यात ठेवून त्याच्या पापण्या आणि श्वास तपासत राहावे.

खाटेजवळ बसून पाहण्याचे मोल काय असते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले आहे. लाल विंचवाच्या दंशाने माणसे का दगावतात, हे त्यांनी ग्रामीण रुग्णांजवळ बसून टिपले. विष हृदयावर ताण आणते हे ओळखून रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरली. १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने ते काम छापले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मण्यारीच्या उपचाराची अडचण अशी की, विषाने तंतूंची टोके एकदा खराब केली की सर्पविषरोधक लस ती दुरुस्त करू शकत नाही. म्हणून लस वेळेत हवी. त्यानंतर श्वास यंत्राने चालवावा लागतो, कधी कित्येक दिवस. या काळात रुग्ण हलत नाही, बाहुल्या विस्फारलेल्या राहतात, मेंदू मेला असे वाटते. पण आतून तो ऐकत असतो! तंतू पुन्हा वाढतात आणि माणूस चालत घरी जातो. नातेवाइकांनी आशा सोडू नये, डॉक्टरांनीही नाही.

आता कटू बोलायचे तर बोलतो. सुरगाणा, पेठकडून नाशिकला पोहोचायला घाट उतरून-चढून काही तास जातात. लस जवळच्या सरकारी रुग्णालयात असते, तरी काही वेळा रुग्णाला नुसती चिठ्ठी देऊन पुढे पाठवले जाते, कारण लसीच्या रिअॅक्शनची धास्ती. पण रिअॅक्शनवर अॅड्रिनलिनचे स्वस्त इंजेक्शन आहे; थांबलेल्या श्वासावर रस्त्यात काहीच नसते. लक्षणे दिसत असतील तर पहिला डोस तिथेच द्यावा, आणि पुढे पाठवताना हातातल्या फुग्याने श्वास देऊ शकणारा माणूस गाडीत बसवावा.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला. त्याचे यश दिल्लीत नव्हे, तालुक्याच्या रुग्णालयात ठरेल.

वाचकांनी एवढे करावे : पावसाळ्यात खाटेवर झोपावे, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात, अंधारात बॅटरी वापरावी. दोरी आवळू नये, जखम कापू नये, मांत्रिकाकडे तास घालवू नये, १०८ ला फोन करावा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे, "रात्री खाली झोपलो होतो." एवढ्या एका वाक्याने निदान होऊ शकते.