विश्लेषण : विंडोज १० ची मुदत संपली… घरच्या जुन्या संगणकाचे काय करायचे?

जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चे शेवटचे नेहमीचे मोफत अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी दिले. संगणक त्यानंतरही सुरू होतो, फायली उघडतात, प्रिंट निघते. त्यामुळे घरात काही बदलल्याचे जाणवत नाही. विंडोज ११ टाकायला जावे तर मात्र ‘हा संगणक पात्र नाही’ असा संदेश येतो आणि दुकानदार नवा घेण्याचा सल्ला देतो. हा संदेश अंतिम निकाल मानण्याचे कारण नाही. अनेकदा अडचण फक्त बंद राहिलेल्या एका सेटिंगची असते. ती खरोखर प्रोसेसरची असेल, तरी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय कंपनीनेच ठेवली आहे.

अपडेट नसेल तर बिघडते काय?

विंडोजमध्ये सुरक्षेच्या त्रुटी सतत सापडतात आणि दर महिन्याच्या अपडेटमधून त्या बुजवल्या जातात. अपडेट थांबले की नव्याने सापडलेली त्रुटी उघडीच राहते. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात हेच झाले. त्या त्रुटीवरचा उपाय मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता त्यांच्या फायली खंडणीसाठी कुलूपबंद झाल्या. पुढच्याच महिन्यात त्याच त्रुटीचा आधार घेणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने न्हावाशेवा येथील जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले.

विंडोज १० मधील डिफेंडर या अँटिव्हायरसला व्हायरसची नवी माहिती २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. पण अँटिव्हायरस हा दारावरचा पहारेकरी. भिंतीला पडलेले भगदाड तो बुजवत नाही. ज्या संगणकावर प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले जाते, आधार-पॅनच्या स्कॅन प्रती पडून असतात, त्याबाबत हा फरक महत्त्वाचा आहे.

‘पात्र नाही’ म्हणजे नेमके काय?

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते, असे कागदोपत्री आहे (४ जीबीवर ते रखडतच चालते, हा भाग वेगळा). घोडे अडते ते दोन ठिकाणी, प्रोसेसर आणि टीपीएम २.०.

टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि कूटबद्धीकरणाच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय. ती स्वतंत्र चिप असू शकते किंवा प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असते. सुटे भाग जोडून बनवलेल्या, म्हणजे असेम्बल केलेल्या संगणकांत ती बऱ्याचदा असते, पण बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने ती सापडते. सुरू केल्यावर तोच संगणक पात्र ठरू शकतो. मात्र डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवावी. ती नसेल आणि संगणकाने मागितली, तर स्वतःचाच डेटा हातचा जातो. जुन्या पद्धतीने विभाजित केलेली डिस्क असल्यास तीही बदलून घ्यावी लागते. ते काम बॅकअप घेऊन जाणकाराकडून करवून घेतलेले बरे.

प्रोसेसरची अट मात्र अशी सुटत नाही. मोजके अपवाद वगळता इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी रायझेनची २००० मालिका, तिथून पुढचेच चालतात. ओळखणे सोपे आहे. ‘आय५-७४००’ मधला ७ म्हणजे सातवी पिढी, ‘आय५-८४००’ म्हणजे आठवी. साधारण २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक इथे बाद होतात. मायक्रोसॉफ्ट यामागे सुरक्षेचे कारण देते आणि ते खोटे नाही. पण या अटींमुळे नवे संगणक खपतात, हेही तितकेच खरे. कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या अखेरीस जगभरातील २४ कोटी संगणक या बदलामुळे भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज वर्तवला होता.

अटी चुकवून टाकले तर?

तशी साधने आहेत, यूट्यूबवर व्हिडीओही भरपूर आहेत. पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २४एच२ आवृत्तीपासून कोअर टू ड्युओसारखे फार जुने प्रोसेसर मुळात सुरूच होत नाहीत. आणि पाच-सातशे रुपयांत ‘विंडोज मारून देतो’ म्हणणाऱ्याकडची क्रॅक केलेली प्रत तर टाळावीच. सुरक्षेसाठी अपडेट करायचे आणि त्यासोबत व्हायरस घरात घ्यायचा, यात अर्थ नाही. मूळ विंडोज १० परवानाधारक असेल आणि संगणक पात्र असेल, तर विंडोज ११ मोफतच मिळते.

मग वर्षभराची सोय कोणती?

तिचे नाव ‘ईएसयू’, म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली आहे. किंमत ३० डॉलर किंवा तितके रुपये. पण संगणकाच्या सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यावर चालू केल्यास ती विनामूल्य मिळते. म्हणजे पैशांऐवजी बॅकअप चालू करायचा. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना बॅकअपची अट नाही, आपल्याला आहे. बॅकअपमध्ये फोटो-फायलींचे फोल्डर निवडू नयेत, अन्यथा मोफत मिळणारी ५ जीबी जागा भरते. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असावी लागते. नोंदणीचा पर्याय सेटिंगमधील विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो. उशिरा नोंदणी केली तरी मधली सुटलेली अपडेट मिळतात. एका खात्यावर १० संगणक जोडता येतात.

त्यानंतरही संगणक धडधाकट असेल तर लिनक्स मिंटसारखा मोफत पर्याय आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणालीवर अनेक वर्षे काम चालते. ब्राउझर, पत्रलेखन, व्हिडीओ आणि इनस्क्रिप्ट मराठी टंकलेखन यांत अडचण येत नाही. संथ संगणकाची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर कोणतीही प्रणाली पळू लागते. तो खर्च नव्या संगणकाच्या तुलनेत किरकोळ आहे.

पण ज्या घरात टॅली चालते, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरले जाते किंवा पत्रिका-अहवालांचे डीटीपी होते, त्यांनी घाई करू नये. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोड नसतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल निरर्थक अक्षरांची रांग दिसते. जुन्या सॉफ्टवेअरचे डोंगल विंडोज ११ वर चालेल का, हे आधी विक्रेत्याला विचारावे. सगळ्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि महत्त्वाच्या मजकुराचे युनिकोड रूपांतर, ही दोन कामे जुना संगणक चालू असतानाच उरकावीत.