वेसावे येथील महिला उद्योजक साहाय्य केंद्रास आवर्ती अनुदान मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महिला आर्थिक विकास महामंडळ,
वांद्रे (पूर्व), मुंबई.

मान्यवर महोदय,

सविनय निवेदन ऐसे की, आम्ही खाली सह्या व अंगठे करणाऱ्या, वेसावे कोळीवाड्यातील मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या स्त्रिया, आज आपल्या दारी कर्ज मागण्यास अथवा कर्जमाफीची याचना करण्यास आलेल्या नसून, ज्या धंद्याचा सर्व भार आमच्या माथ्यावर पिढ्यानपिढ्या आहे त्या धंद्याचे दप्तर नीट ठेवणारे, परवाने व अर्ज यांची तजवीज लावणारे आणि मालाला थेट गिऱ्हाईक मिळवून देणारे एक कायमचे केंद्र आमच्या गावात असावे, व त्यास शासनाचे दरसाल अनुदान मिळावे, एवढ्याच एका मागणीसाठी हे निवेदन सादर करीत आहोत.

आमच्या धंद्याचे स्वरूप सांगितल्याविना या मागणीचे मर्म ध्यानी येणार नाही. ओल्या बोंबलात दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाणीच असते. होडी किनाऱ्याला लागताच तो निवडून, धुऊन, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूंच्या वलांडीवर टांगावा लागतो. ऊन चांगले असले तर तीन-चार दिवसांत तो खडखडीत वाळतो, आणि मध्येच अवकाळी पावसाची एक सर आली तर त्याला बुरशी धरून सारा माल खताच्या भावाने जातो. ऊन, वारा आणि दर्याचा कल ओळखण्याची विद्या आम्हांस आमच्या आयांनी दिली आहे, त्यात आम्हांस कोणी शिकवावे असे फारसे उरलेले नाही. उणीव आहे ती कागदाची.

आमच्यातील एक भगिनी गेल्या हंगामापूर्वी एका बँकेच्या शाखेत गेली असता तिच्याकडे तीन वर्षांचा जमाखर्च मागण्यात आला. तिने पिशवीतून भिंतीवरच्या तीन दिनदर्शिका काढल्या. तिच्या घरी प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने किती पाट्या घेतल्या, बर्फाला किती गेले, मरोळच्या बाजारात सुकी मासळी कोणत्या भावाने सुटली, याची नोंद केलेली असते. एकही दिवस चुकलेला नव्हता. त्या दिनदर्शिका गुंडाळून तिच्या हाती परत देण्यात आल्या. तो हिशेब खोटा होता असे कोणी म्हटले नाही. तो वहीत नव्हता, एवढेच. त्या चौकटींतील आकडे खातेवहीत उतरवून देणारे एक जाणते माणूस गावात पगारावर असते, तर ती रिकाम्या हाताने परतली नसती, हे आम्ही आपल्या निदर्शनास आदरपूर्वक आणू इच्छितो.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना प्रकल्पखर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत बचत गटाच्या सभासदास बीजभांडवल म्हणून 40,000 रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तर शहर उपजीविका केंद्रासाठी 10 लाख रुपये, 30, 40 व 30 टक्क्यांच्या तीन हप्त्यांत, देण्याची योजना होती. परंतु यंत्रास पैसा मिळतो, शीतपेटीस मिळतो, क्वचित इमारतीसही मिळतो. त्या इमारतीत बसून अर्ज भरणाऱ्या, अन्न परवान्याची मुदत सांभाळणाऱ्या, वेष्टनावर गावाचे नाव छापून घेणाऱ्या माणसाच्या वेतनास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोणतेच लेखाशीर्ष सापडत नाही, आणि मग कुलूप लागते.

दुसरी अडचण काळाची आहे, व ती आम्हांस सर्वांत जाचते. सरकारी वर्ष 31 मार्चला संपते, म्हणून पुष्कळदा मंजुरीचा कागद फाल्गुन-चैत्रात हाती येतो. आमचे वर्ष निराळे आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला की होड्यांचा नवा हंगाम. पाऊस पूर्ण ओसरल्यावर वलांड्या उभ्या राहतात आणि पुढील पावसाआधी उतरतात. मार्चअखेर आलेल्या रकमेचा हंगामास दोन महिन्यांहून अधिक उपयोग होत नाही.

याकरिता आमची विनंती अशी की, महामंडळाने तेजस्विनी कार्यक्रमात बचत गटांच्या संघांतून जी लोकसंचलित साधन केंद्रे उभी केली, ज्यांचा कारभार स्त्रियाच पाहतात, त्याच धर्तीवर वेसाव्यात केंद्र मंजूर करावे. त्याच्या व्यवस्थापक व हिशेबनीस यांच्या वेतनासह चालू खर्चाचा पूर्ण भार पहिली तीन वर्षे उचलावा, चौथ्या वर्षी निम्मा व पाचव्या वर्षी चौथाई द्यावा, आणि उरलेला वाटा आम्ही विक्रीवरील वर्गणीतून घालू. अमेरिकेत 1988 च्या कायद्याने महिला व्यवसाय केंद्रांना सरकारी अनुदान सुरू झाले, तेथेही केंद्राने आपला हिस्सा उभा करावा अशी अट आहे. ती अट आम्हांस मान्य आहे, किंबहुना ती असावी असेच आमचे मत आहे. अनुदानाचा पहिला हप्ता दसऱ्यापूर्वी मिळावा. मासळी सुकविण्याची जागा आमच्या नावे नसल्याने अनेक अर्ज अडतात, म्हणून कोळीवाड्याच्या सीमांकनाचा निर्णय होईपर्यंत वहिवाटीचा दाखला ग्राह्य धरण्याची शिफारस आपण मा. जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी.

याच वेसाव्यात, यारी रोडलगत, 1961 साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. सौर शुष्कक, स्वच्छ वेष्टन व मालाची परीक्षा या विषयांचे जाणकार आमच्या वलांड्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांच्याशी रीतसर करार करण्याचा अधिकार केंद्रास द्यावा.

1959 साली गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, आणि 1966 साली खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता व खेळते भांडवल त्यांस लाभले. लिज्जतचा पुढील विस्तार सर्वश्रुत आहे. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, 24 फेब्रुवारी 1975 रोजी, आपल्या महामंडळाची स्थापना झाली ती अशाच स्त्रियांकरिता, अशी आमची श्रद्धा आहे.

वर उल्लेखिलेल्या तीन दिनदर्शिकांच्या छायांकित प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ प्रती कोळीवाड्यात आहेत. आपल्या अधिकाऱ्यांनी केव्हाही येऊन तपासाव्यात, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी निर्णय कळवावा, ही विनंती.

आपल्या नम्र,
वेसावे कोळीवाड्यातील मासळी विक्रेत्या व सुकी मासळी उत्पादक महिला

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, मुंबई उपनगर जिल्हा
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र राज्य