तीन चाकं : अं, द, त्र्वा

दोस्तांनो, आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये ‘गॅरेज’ आणि ‘चॅसी’ हे शब्द ठाऊक नसलेलं पोर शोधून सापडायचं नाही. दोन्ही मूळचे फ्रेंच, बरं का! चॅसी म्हणजे चौकट. ड्रायव्हरला ऐटीत ‘शोफर’ म्हणतात ना, त्याचा खरा अर्थ तापवणारा. पूर्वी वाफेवरच्या गाड्या होत्या. आधी बॉयलर तापवायचा, मग निघायचं. तुमच्या चित्रकलेच्या तासालाही फ्रेंच लपलंय. ‘कोलाज’ आला चिकटवण्यावरून आणि ‘पापिए-माशे’ म्हणजे चक्क चावलेला कागद!

तर आज करायची रिक्षा. फ्रेंच शिकायला रिक्षा कशाला, असं विचाराल. १७६९ मध्ये निकोला-जोझेफ क्यून्यो या फ्रेंच लष्करी इंजिनिअरनं तोफा ओढायला वाफेची गाडी बनवली. तिला चाकं किती? तीन! पुढे एक, मागे दोन, अगदी आपल्या रिक्षासारखी. त्याची १७७० सालची गाडी अजून पॅरिसच्या संग्रहालयात उभी आहे.

एक रिकामं खोकं घ्या. कारखान्यात काम करणारं घरात कुणी असेल तर खोक्यांना काय तोटा! पुठ्ठ्याला म्हणायचं ‘कार्तों’. त्यावर वाटी ठेवून तीन गोल काढा. जाड पुठ्ठा मोठ्यांकडून कापून घ्या. कात्री म्हणजे ‘सिझो’. लिहिताना तिच्या शेवटी एक्स अक्षर असतं, पण बोलताना फ्रेंच लोक ते गिळून टाकतात. आता चाकं मोजा : अं, द, त्र्वा. ‘द’ म्हणताना ओठांचा चंबू करायचा, शिट्टी वाजवताना करतो तसा. टूथपेस्टच्या खोक्याला मधून काडी ओवून मागची दोन चाकं बसवा, तिसरं पुढे. डिंक म्हणजे ‘कोल’. खालचं अंग काळं, ‘न्वार’. वरचा टप पिवळा, ‘झोन’. हा ‘झ’ झाडातला नाही, ट्रेझरमधला.

आता खरी अडचण. ‘अं’ आणि ‘कार्तों’ नाकातून म्हणायचे असतात. रविवारी माझ्या गच्चीवर पोरं जमतात, तेव्हा हे कुणालाच जमेना. एकानं तर नाक चिमटीत धरलं, म्हणजे उलटाच कारभार! कोपऱ्यात एक मुलगी गुपचूप पुठ्ठा कापत होती. कोकणातून आलेली, वडील चाकणला कामाला. शाळेत तिला ‘नाकात बोलते’ म्हणून चिडवायचे, तेव्हापासून तिनं वर्गात तोंड उघडणंच सोडलं होतं. माझ्याकडेही तीन रविवार फक्त मान हलवली. मी म्हटलं, “तू म्हण गं.” बराच वेळ गेला. मग हळूच आलं, “अं.” इतकं स्वच्छ, की मलाच माझा उच्चार सुधारावा लागला. एरवी तिला चिडवणारा पोरगा म्हणाला, “परत म्हण ना, कसं करतेस?”

तिनं परत म्हटलं. मग त्याला शिकवलं. चांगलं दहा वेळा म्हणायला लावलं, सोडलं नाही.

आईबाबांसाठी दोन शब्द. चाकणच्या कारखान्यांमुळे इथे जर्मन आणि जपानी शिकणारे पुष्कळ. ‘मग फ्रेंच कशाला?’ असं एका बाबांनी विचारलं. माझं मत विचाराल तर सात-आठ वर्षांच्या पोरानं नोकरीसाठी कुठलीच भाषा शिकू नये. शब्दांच्या याद्या घोकून घेऊ नका. हातात वस्तू असेल तेव्हाच शब्द सांगा, एका बैठकीला पाच-सहा पुरे.

आणखी एक युक्ती. फ्रेंचमध्ये आपल्यासारखं ‘ते’ नाही, फक्त तो आणि ती. त्यांचा पुठ्ठा ‘तो’च, पण डिंक ‘ती’ आणि चाकही ‘ती’! म्हणून ‘तो’ वस्तूंवर निळा ठिपका द्या, ‘ती’ वस्तूंवर लाल. परवा आमच्या रिक्षाची तिन्ही चाकं लाल ठिपक्यांची झाली. चालवणारा कोण, यावर मात्र भांडण झालं. शेवटी पुढच्या सीटवर कागदाची एक शोफरीणबाई बसली. ती कुणी कापली, ते तुम्ही ओळखलंच असेल.